बिनकोळशाची पिशवी

"पिशवीत काय आहे?"

"कोंबडी."

"आणि?"

"आणि काय? कोंबडी. पाव किलो, बिनहाडाची."

"कोळसा?"

आंब्रे सरांनी पिशवी जवळ ओढली.

दिवेलागणीची वेळ होती. खाडीच्या तोंडाशी, पिराच्या दर्ग्यामागे इसाकमामूचा तकिया आहे, फकिराचं ठिकाण. एक खोली, दोन शेगड्या, उंबऱ्यावर आडवा पडलेला एक कुत्रा. भरती नुकती सुरू झाली होती.

मामू पूर्वी बोटीवर भंडारी होता, म्हणजे स्वयंपाकी. पूर्वेकडच्या बंदरांत त्याची उमर गेली. आता फकीर आहे. लोक त्याच्याकडे ताप घेऊन येतात, हरवलेला बैल घेऊन येतात, न टिकणारी सून घेऊन येतात. मामू बहुतेकांना जेवायला घालतो आणि परत पाठवतो. लोक म्हणतात गुण येतो. भुकेल्या माणसाला जेवण दिलं की गुण येतोच.

आंब्रे सर आमच्या हायस्कूलचे निवृत्त मुख्याध्यापक. दर अमावास्येला प्रार्थना झाली की "भूत नसतं" असं ते सगळ्या शाळेकडून म्हणवून घ्यायचे. ज्याचे ओठ हलले नाहीत त्याच्या तळहातावर पट्टी.

भूत नसतं हे आम्ही घाबरून शिकलो.

"कोळसा नाही टाकला?" मामूने पुन्हा विचारलं.

"मी असलं मानत नाही."

आमच्या किनाऱ्यावर रीत आहे. अंधार पडताना कोंबडी, मटण, मासळी घेऊन चालायचं असेल तर पिशवीत कोळशाचा तुकडा टाकायचा. नाहीतर वासावर कोणीतरी मागे लागतं. बाजारातला कोंबडीवाला न सांगता टाकतो. आंब्रे सर तो तुकडा बाहेर काढतात, त्याच्याच ओट्यावर ठेवतात, आणि मागच्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं बोलतात.

"मग कशाला आलात?" मामू म्हणाला. "चहा तर तुम्ही माझ्या हातचा पीत नाही."

"…मागे येतं."

"काय?"

"खाडीच्या बांधावरून जाताना. मागे चप्पल वाजते."

"कसली चप्पल?"

"रबरी. पट्टा सुटलेली. एकदा फट् करून वाजते, मग घासत येते. पुन्हा फट्."

"वळून पाहिलंत?"

"मी वळून पाहत नसतो."

हे खरं होतं. सरांनी आयुष्यात कधी वळून पाहिलं नव्हतं. वर्गात मागून कोणी ओरडलं तर ते सगळ्या वर्गाला मारायचे.

"आणि घरी?"

"घरी जातो. दार लावतो. जेवण करतो. दिवसभर बाहेर असलं की झटपट होणारं काहीतरी लागतं माणसाला. नूडल्स टाकतो, कोंबडी परततो, दाण्याच्या कुटाचा रस्सा. पाणी उकळायला लागतं तेवढाच वेळ."

"मग?"

"ताट घ्यायला वळलो की…"

"की?"

"नूडल्स गेलेल्या असतात. रस्सा बोटाने निपटल्यासारखा. कोंबडीच्या फोडी तेवढ्या राहतात. कढईच्या कडेला, ओळीने लावलेल्या."

"मांजर असेल."

"मांजर फोडी ठेवील?"

"नाही," मामू म्हणाला. "तेवढं मोठं मन मांजराचं नसतं."

सर हसले नाहीत.

"हे बंद करायचं आहे. तुमच्यासारख्यांना यातलं कळतं म्हणून आलो."

"माझ्यासारखे म्हणजे कोण? भंडारी?"

"तुम्हाला समजलंय मी काय म्हणतोय ते."

मामूने शेगडीशेजारच्या टोपलीतून कोळशाचा एक तुकडा उचलला. काळा, थंड, बोराएवढा. तो तळहातावर ठेवून त्याने हात पुढे केला.

"घ्या. पिशवीत टाका आणि घरी जा. झालं बंद."

सरांनी कोळशाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"काय झालं? फुकट आहे."

"काल टाकला होता."

"तुम्ही?"

"कोंबडीवाल्याने टाकला. मी काढला नाही."

"मग?"

"नाही आलं. सगळं जेवण जागच्या जागी होतं."

"मग पोटभर जेवलात."

"…नाही."

बाहेर खाडीचं पाणी दगडांत शिरत होतं.

"आणि आज पिशवीत कोळसा नाही," मामू म्हणाला. "आज कोणी काढला?"

सर दाराबाहेर पाहू लागले.

उंबऱ्यावरचा कुत्रा उठला. भुंकला नाही. शेपूट पोटाखाली घेतली, आणि कोणीतरी वाट मागितल्यासारखा बाजूला सरकून भिंतीला टेकला.

उंबरा मोकळा झाला. आत कोणी आलं नाही.

"दम धर जरा," मामू दाराकडे बघून म्हणाला. "आत्ता तर पाणी ठेवतोय."

"कोणाशी बोलताय?"

"कुत्र्याशी."

त्याने हातातला कोळसा शेगडीत टाकला. वर पातेलं चढवलं. तुकडा आधी नुसता तडतडला, मग एका कडेने लाल झाला.

"बंद करायचं नाहीये तुम्हाला," मामू म्हणाला. "मग काय पाहिजे?"

"कृती."

"कसली?"

"याचीच. नूडल्सची. माझी चव चुकते आहे. सगळं मोजून घालतो तरी चुकते. म्हणून ते… म्हणून फोडी राहतात. कोंबडी नीट होत नसणार. त्याने ही तुमच्याकडे शिकली होती."

"त्याने म्हणजे?"

सरांनी पिशवीची गाठ आवळली.

"नाव घ्या, सर. मी घेणार नाही."

सरांनी नाव घेतलं नाही. मी घेतो. प्रणित.

प्रणित हा सरांचा एकुलता मुलगा. आई लहानपणीच गेलेली. इंजिनिअरिंग अर्ध्यात सोडून घरी आला. मग मामूच्या शेगडीपाशी बसून ह्या नूडल्स शिकला आणि शाळेच्या फाटकाशी गाडी लावली. संध्याकाळी गाडीपाशी गर्दी असायची. मीही असायचो. सरांनी ग्रामपंचायतीत शब्द टाकला आणि गाडी उचलायला लावली. शाळेची शिस्त बिघडते म्हणाले. बाप म्हणून एक शब्द बोलले नाहीत, मुख्याध्यापक म्हणून बोलले.

त्या संध्याकाळी तो उरलेल्या सामानाचं एकच जेवण करून डब्यात घालून घरी गेला. बापाने त्याच्या हातचं कधी खाल्लं नव्हतं. त्याला वाटलं असेल, आज तरी.

सर जेवायला बसले होते. दाराला आतून कडी होती.

"माझं होऊ दे," सर आतून म्हणाले.

शेजाऱ्यांनी ऐकलं. सरांचा आवाज सगळ्यांना ऐकू येतो.

मग सर सावकाश जेवले. हात धुतला. बडीशेप खाल्ली. बातम्या ऐकल्या. दार उघडलं तेव्हा पायरीवर डबा होता आणि एक चप्पल.

दुसरी चप्पल खाडीत मिळाली. त्याच्या पायातच होती.

बांधावरून पाय घसरला म्हणतात. आमच्याकडे पोरांचे पाय फार घसरतात.

आणि मामू? मामूही काही कमी नाही. गाडी ट्रॉलीत घालून नेली तेव्हा हा ह्याच उंबऱ्यावर बसून बिडी ओढत होता. म्हातारी माणसं मेलेल्यांशी फार गोड बोलतात.

"दाणे कसे घेता?" मामूने विचारलं.

"भाजून, सालं काढून, मिक्सरमधून. पिठासारखं बारीक कूट."

"का?"

"कूट बारीकच असतं."

"ते उपासाच्या खिचडीचं. इकडे द्या पिशवी."

मामूने कोंबडीचे पातळ लांबट तुकडे केले, मीठ आणि लसूण चोळून बाजूला ठेवले. खलबत्त्यात भाजलेले दाणे घातले. साल अर्धीमुर्धी निघालेली. वर दोन सुक्या मिरच्या. तो कुटू लागला.

"इतकं जाडं?"

"दाणा दाताखाली आला पाहिजे. खाताना वाजला पाहिजे. कोणी खातंय हे मागच्या माणसाला कळलं पाहिजे."

"…तो असंच करायचा?"

"त्याचं माझ्यापेक्षा बरं व्हायचं."

बत्ता पडत होता. ठक्. ठक्. मध्येच दाराबाहेर काहीतरी वाजलं.

फट्.

सरांची मान ताठ झाली.

"भरतीचं पाणी आहे," सर म्हणाले.

"असेल."

"होडीची फळी वाजली असेल."

"असेल, सर. वळून बघा."

सरांनी पाहिलं नाही. बोटं मात्र गुडघ्यावर घट्ट रोवली.

पाणी उकळलं. मामूने नूडल्स सोडल्या. दुसऱ्या शेगडीवर कढईत तेल टाकलं, कोंबडी परतली. मग जाडसर कूट, चिंचेचा कोळ, गुळाचा खडा, काळा सोया सॉस, वरून नारळाचं दूध. दाण्याचं तेल सुटायला लागलं. वास असा उठला की भिंतीला चिकटलेल्या कुत्र्यानेही नाक वर केलं.

"किती चमचे? सांगत जा, लक्षात ठेवतो," सर म्हणाले.

"मोजून तुमचं काय बरं झालंय आजवर?"

"गाडी नेली तेव्हा तुम्ही इथेच बसला होतात," सर एकदम म्हणाले. "मला शिकवू नका."

मामूचा हात कढईवर थांबला.

"होतो," तो म्हणाला.

"एक शब्द बोलला नाहीत."

"नाही बोललो."

रस्सा खदखदत होता. मामूने नूडल्सच्या पातेल्यातलं पळीभर पाणी त्यात ओतलं. रस्सा सैल झाला, चकाकला. त्याने नूडल्स कढईत उलट्या केल्या आणि दोन उलथन्यांनी वरखाली केल्या. एवढंच. सगळा मामला कंदील पेटवायला घ्यावा आणि वात नीट होईतो संपावा इतक्यात.

मग त्याने खरोखर कंदील पेटवला. तीन ताटल्या मांडल्या.

"तिसरी कोणाची?"

"तुम्ही पिशवी कोणासाठी आणलीत?"

तिसरी ताटली दाराच्या बाजूला होती. मामूने तिन्हींत सारखं वाढलं, नूडल्स सारख्या, रस्सा सारखा, फोडीही सारख्याच.

"घ्या. बिस्मिल्ला."

सरांनी एक घास घेतला. चावला. दाणा दाताखाली वाजला. त्यांचा चेहरा हलला, पण लगेच त्यांनी तो सावरला. चेहरा सावरण्यात जन्म गेलेला माणूस.

"हीच," ते म्हणाले. "हीच चव. डब्यात हीच होती."

"डबा खाल्लात तुम्ही?"

"एक घास. दार उघडल्यावर. पायरीवर उभा राहून."

"आणि?"

"चांगलं होतं."

"मग हाक मारलीत?"

सरांनी आणखी एक घास घेतला.

"सर?"

"बातम्या लागल्या होत्या आत," सर म्हणाले. "पुढचं… अंधार होता. वाटलं, येईल."

सर भराभर बोलू लागले. चिंच आपण कमी घालत होतो, नारळाचं दूध तर घालतच नव्हतो, कूट फार बारीक, म्हणूनच तो फोडी ठेवत असणार, उद्यापासून असंच करायचं, उद्या सगळं संपवील. बोलता बोलता त्यांचा हात पुढे गेला. समोरच्या तिसऱ्या ताटलीत. त्यांनी तिच्यातली एक फोड उचलली आणि आपल्या ताटात ठेवली. मग दुसरी. मग तिसरी. बोलणं चालूच होतं. नजर हाताकडे नव्हतीच. हाताला रस्ता पाठ होता.

मामू हाताकडे बघत होता.

कंदिलाची ज्योत दाराच्या बाजूला वाकली. वारा नव्हता.

सर बोलायचे थांबले. त्यांनी मामूच्या नजरेमागून आपल्या हाताकडे पाहिलं. हातात चौथी फोड होती.

"तुमच्या घरी," मामू हळू म्हणाला, "कोंबडी केली की कोण काय खातं?"

"फोडी मला. पोराला रस्सा." सरांनी धडा म्हणावा तसं सांगितलं. "रस्स्यातच ताकद असते. आमच्या वडलांकडेही… सगळ्यांकडे असंच असतं."

"असतं. सगळ्यांकडे असतं."

सरांनी हातातली फोड न्याहाळली.

"इथे बसून जेवायचा ना, तेव्हाही फोडी कडेला लावायचा. ओळीने. मला वाटायचं आवडत नाहीत. एकदा विचारलं."

"काय म्हणाला?"

मामूने सरांच्या ताटाकडे बोट दाखवलं. ताटातला घास तसाच राहू दिला त्याने.

सरांनी हातातली फोड तिसऱ्या ताटलीत ठेवली. मग आपल्या ताटातल्या त्याच्या फोडी परत टाकल्या. मग स्वतःच्याही. एकेक. शेवटची रस्स्यात बुडाली होती, ती बोटाने शोधून काढली.

"जेव," सर दाराकडे बघून म्हणाले.

बाहेर फक्त पाणी.

"जेव म्हणतोय ना!"

वर्गात हाच आवाज लागला की आम्ही उभे राहायचो. बाहेर काहीच उभं राहिलं नाही, काहीच बसलंही नाही. उंबऱ्यापलीकडे, बरोबर जिथून कुत्रा सरकला होता तिथे, दगडावर पाण्याचा ओला डाग दिसत होता. पावलाएवढा. शेजारी दुसरा नव्हता. दुसऱ्या पायात चप्पल असते तेव्हा पाऊल तितकंसं उमटत नाही.

सरांनी तो पाहिला. पहिल्यांदाच त्यांनी सरळ पाहिलं.

"मामू… तो का येत नाही आत?"

"तुमच्याकडे तुम्ही ताटावर असताना तो जेवायला बसायचा?"

"…नाही."

"कधी बसायचा?"

सरांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही. आता पट्टी मारायला कोणी नव्हतं.

"माझं झाल्यावर."

"मग उठा."

"कुठे जाऊ?"

"तो इतके दिवस जिथे उभा आहे तिथे."

सर उठले. ताट तसंच राहिलं. धोतराच्या सोग्याला हात पुसले आणि उंबऱ्याबाहेर पडले. पायात घालायला वहाणा शोधत होते, पण अंधारात सापडल्या नाहीत. ते अनवाणीच त्या ओल्या दगडावर जाऊन उभे राहिले.

कुत्रा त्यांच्यासाठी हलला नाही.

मामूने दार लोटलं. आतून कडी घातली.

खाडीचं पाणी वर आलं होतं. वारा सुटला. सरांनी शर्टाच्या गळ्याचं बटण लावलं. शाळेत आम्हाला लावायला लावायचे, तसं. आतून काहीच ऐकू येत नव्हतं.

मग आलं.

फट्… घासत गेल्याचा आवाज. फट्. शेगडीपाशी थांबला.

सरांनी दाराला कान लावला.

ताटली जमिनीवर थोडी सरकली. बराच वेळ काही नाही. आणि मग, अगदी स्पष्ट, कोणाच्या तरी दाताखाली दाणा वाजला.

"मामू," सर कुजबुजले.

"फोडी? फोडी खातोय?"

पुन्हा दाणा वाजला. सावकाश, कुठलीही घाई नसलेल्या माणसासारखा.

पाणी सरांच्या घोट्याला लागलं. त्यांनी दारावर थाप मारली. जोरात नव्हे. एवढी हलकी थाप मारायला त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, ती आज आपोआप आली.

"मामू… मी आत येऊ?"

आत कंदील कोणीतरी जरा मोठा केला. दाराच्या फटीतून उजेडाची रेघ सरांच्या पायावर पडली, आणि मामूचा आवाज आला.

"थांबा, सर. त्याचं होऊ दे."